खंडेनवमीला हद्द ओलांडली

सायकल माझ्या बापाने लग्नात जावयाला दिली. बंगळूरला चिक्कपेटेच्या मागच्या गल्लीत बापाचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. चौथी झाल्यावर मला शाळेतून काढून तिथे बसवलं, कारण नोकर ठेवण्यापेक्षा मुलगी बसवणं स्वस्त. भाड्याने गेलेली सायकल परत आली की गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारून बघायचं काम माझं. ब्रेक लागतो का, चेन घसरते का, चाक डगमगतं का. परकर खोचून मी ते करत असे. शेजारच्या बायका आईकडे तक्रार करत, आई बापाकडे करी. बाप म्हणे, "त्यांच्या नवऱ्यांना भाड्याची सायकल नको होईल त्या दिवशी बघू."

लग्न ठरलं तसं ते बंद झालं. जावयासाठी नवी काळी सायकल दुकानात आली आणि तिला मी हात लावायचा नाही, असं बापानेच सांगितलं.

नवरा शिंपी. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणणार आहे. समोर जन्मभर अहो म्हटलं, तेवढं पुरे. आम्ही मराठी बोलणारी माणसं बंगळूरात किती पिढ्यांपासून आहोत ते घरातल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नसे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दंडू म्हणजे लष्करी छावणीच्या भागातलं गिऱ्हाईक असेल तर तमिळ. नवऱ्याचा हात चांगला होता. कोट असा बेतायचा की शिवल्यावर कापडाची चिंधी उरायची नाही. डोकं मात्र दगड. एकदा नाही म्हणाला की नाही.

त्याच्या मामाचं मलायात दुकान होतं, उत्तरेला, सयामच्या हद्दीच्या जवळ. जंगलातल्या बंडखोरांशी गोऱ्या सरकारची लढाई चालली होती आणि पलटणींचे कपडे शिवायला मामाला माणसं पुरत नव्हती. त्याने भाच्याला बोलावलं. भाचा निघाला, मी निघाले आणि सायकलही निघाली.

मी म्हटलं, "तिकडे सायकली मिळत नाहीत का?"

"मिळतात. पण ही आपली आहे."

बापाने सायकल खोलली. पायडल काढले, हँडल आडवं वळवलं, चाकांतली हवा सोडली आणि सगळं गोणपाटात शिवून टाकलं. मद्रासच्या धक्क्यावर हमालांनी ते गाठोडं दोनदा आपटलं. बोटीवर नवरा रोज एकदा माल ठेवतात तिथे जाऊन ते बघून यायचा. मी डेकवर ओकत पडले होते, मला बघायला तो किती वेळा आला ते विचारू नका. उतरलो तेव्हा चाकांच्या कडांना गंज चढला होता. पहिल्या सुट्टीच्या दिवशी, गाव बघायचं सोडून, तो घासलेट घेऊन गंज काढत बसला.

मामाकडे काही वर्षं बरी गेली. मग लढाई संपली, पलटणी गेल्या, आणि जे काम उरलं ते मामाच्या मुलांनाच पुरेना. कोणी जा म्हणालं नाही. नुसतं ताटात वाढताना हात आखडायला लागला. घरात आम्ही दोघं मधल्या बोळकांडीत पडदा लावून झोपत होतो. मामाचे मुलगे रात्री पाणी प्यायला उठले की आमच्यावरून ओलांडून जात. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि मला दार असलेली खोली नव्हती.

अशात हद्दीपलीकडून निरोप आला. सयामच्या पहिल्या मोठ्या गावात एका सिंधी व्यापाऱ्याचं कापडाचं दुकान होतं. गावाभोवती रबराचे मळे. मळ्यातल्या लोकांना गावात यायला सवड नसायची, म्हणून शिंप्यानेच कापडाचे नमुने सायकलवर बांधून मळ्यात जायचं, मापं घ्यायची, कपडे शिवून पोचवायचे. त्याचा शिंपी सोडून गेला होता. माणूस हवा, माणसाची स्वतःची सायकल हवी, आणि दसऱ्याच्या सकाळी तो दुकानात हजर हवा, कारण नवं काम शेठ दसऱ्यालाच सुरू करतो. नाही आला तर मद्रासकडचा एक शिंपी तयार बसला आहे. राहायला दुकानामागे खोली.

मला त्या खोलीशी मतलब होता. सयाम कुठे आहे आणि तिथे काय खातात याची मी चौकशीसुद्धा केली नाही.

हद्द ओलांडायचे पास अष्टमीच्या दुपारी हातात पडले. म्हणजे नवमीला निघून रात्री गाव गाठायचं आणि दसऱ्याला सकाळी दुकानात उभं राहायचं. मी बांधाबांध करून झोपले.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. बंगळूरला आयुधपूजा सगळेच करतात. कोणी लेथ पूजतो, कोणी रिक्षा, कोणी वीट घडवायचा साचा. गल्लीत कोहळे फोडून ठेवलेले असतात, त्यात पाय घसरून दरवर्षी कोणीतरी पडतं. पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी त्यावरून चालवून एक फेरी मारून येतात. आमच्या सासरची रीत वेगळी होती. कात्री, गज, सुया, मशीन, जे पूजेत ठेवलं ते हळदीच्या दोऱ्याने बांधायचं आणि दसऱ्याला पुन्हा पूजा करून सोडेपर्यंत वापरायचं नाही. आयुधाचा विसावा म्हणत. माझ्या सासऱ्यांनी एका वर्षी लग्नाच्या घाईचं काम होतं म्हणून नवमीला दोरा सोडून कापड बेतलं, आणि अंगठ्याचं टोक गेलं. ही गोष्ट त्या घरात लहान पोरांनाही पाठ होती. सासरे तेव्हा प्यालेले होते, हेही सगळ्यांना माहीत होतं, पण ते गोष्टीत सांगत नसत.

नवमीला पहाटे उठले तर सायकल धुऊन-पुसून, तेल देऊन भिंतीशी उभी. हँडलला तिथलं बोराएवढं लिंबू. मडगार्डवर हळदीकुंकवाचे पट्टे. आणि पायडलच्या दांडीपासून फ्रेमपर्यंत पिवळा दोरा असा करकचून गुंडाळलेला की पायडल बोटभरही फिरू नये.

"हे काय केलंत?"

"आज नवमी."

"आज हद्द ओलांडायची आहे."

"ओलांडू की. ढकलत नेऊ. ढकलणं म्हणजे वापरणं नव्हे."

"उद्या तिकडे गेल्यावर केली असती पूजा."

"नवमीची पूजा दशमीला? तुझ्या माहेरी चालत असेल."

"माझ्या माहेरी लिंबावरून चाक फिरवतात. कोणाचा पाय तुटला नाही अजून."

"ते त्यांचं. हे आपलं."

मामी चुलीपुढून बघत होती. आम्ही जाणार याचा आनंद तिच्या तोंडावरून लपत नव्हता, म्हणून मी पुढे बोलले नाही. तिच्या देखत भांडून तिला आणखी काय द्यायचं.

बसच्या टपावर सायकल चढवताना पहिला तमाशा झाला. मागचं चाक उलटं फिरलं की चेन पायडलला ओढते. म्हणजे दोरा बांधलेली सायकल पुढे ढकलता येते, मागे ओढता येत नाही. हे मला दुकानात बसल्यापासून माहीत होतं. बसच्या चिनी कंडक्टरला ते कोण सांगणार? त्याने सायकल धरली आणि मागे ओढली. नवरा असा ओरडला की बसमधल्या सगळ्यांना वाटलं कोणाचा तरी हात चाकात सापडला. शेवटी दोघांनी ती उचलून वर नेली. कंडक्टरने लिंबाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि आम्हाला सगळ्यात मागे बसवलं.

बस मलायाच्या चौकीपर्यंतच जायची. तिथून सयामच्या चौकीपर्यंत काही मैलांचा रस्ता, दोन्ही बाजूंनी जंगल. मलायाच्या पोलिसांनी आमच्या ट्रंका उपसल्या. बंडखोरांना तांदूळ पोचू नये म्हणून पूर्वी लावलेली तपासणी त्यांच्या अंगवळणी पडली होती. गादीत हात घालून कापूस चाचपला, हवा भरायच्या पंपात फुंकून बघितलं. सायकलीला काही म्हणाले नाहीत. बाहेर जाणाऱ्याची त्यांना फिकीर नव्हती.

मी म्हटलं, "ट्रंक कॅरियरवर ठेवू."

"नाही."

"ढकलणं म्हणजे वापरणं नव्हे म्हणालात ना? मग ओझं ठेवून ढकला."

"ओझं वाहिलं म्हणजे कामच केलं तिने."

त्याच्या डोक्यावर मोठी ट्रंक, माझ्या डोक्यावर वळकटी आणि हातात लहान ट्रंक. मधून सायकल, रिकामी, मखरातल्या देवीसारखी. तिच्या दोन बाजूंनी आम्ही दोन गाढवं. ऊन डोक्यावर आलेलं. एक मलायी माणूस आमच्या मागून सायकलवर आला. पुढे अननसाची टोपली, मागे बायको, बायकोच्या मांडीवर पोर. त्याने वळून बघितलं, घंटी वाजवली आणि तिघंही हसत पुढे गेली. मला त्याच्या बायकोचा इतका हेवा वाटला की मी वळकटी रस्त्यावर आपटली.

"दमलीस?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. मजा येतेय."

त्याला टोमणा कळत नसे. तो म्हणाला, "मग चल."

सयामच्या चौकीवर रस्त्यात आडवा बांबू टाकलेला होता आणि बाजूला छपराखाली एक अधिकारी वेताच्या खुर्चीत बसला होता. जवळच एका तमिळ माणसाची चहाची टपरी होती. हद्दीवर राहून त्याला सयामी आणि मलायी दोन्ही येत होत्या, म्हणून आमच्यासारख्यांसाठी दुभाष्याचं कामही तोच करायचा. आम्हाला बंगळूरचं तमिळ येत होतं. तेवढं पुरलं.

अधिकाऱ्याने पास बघितले, ट्रंका बघितल्या. मग सायकलीभोवती एक फेरी मारली.

चहावाला म्हणाला, "अण्णा, साहेब विचारतात सायकल कोणाची."

"माझी."

"मग ढकलत का आणली? पंक्चर आहे?"

"नाही. आज आयुधपूजा."

चहावाल्याला कळलं. त्याच्या किटलीच्या कानालाही जास्वंदीचं फूल खोचलेलं होतं. तो बराच वेळ साहेबाला समजावत होता, हात जोडून दाखवत होता, एकदा सायकलीला नमस्कारही केला. साहेब हसला नाही. त्याने दोऱ्याला बोट लावलं, चेनचं तेल बोटावर घेऊन बघितलं, आणि थोडक्यात काहीतरी बोलून खुर्चीत जाऊन बसला.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, माणूस ज्यावर बसून आला ती त्याची सवारी. सवारी अडवत नाही. ढकलत आणलं तो माल. इतकी चकचकीत, पायडल बांधलेली, म्हणजे विकायला नेताय. मालाची जकात मोठ्या ठाण्यात ठरते आणि तिथला साहेब दौऱ्यावर आहे. तो येईपर्यंत सायकल इथे राहील."

"कधी येणार?"

"आला की येणार."

मी नवऱ्याकडे वळले. "ऐकलंत ना? बसा आणि त्या बांबूपर्यंत जाऊन या. झालं."

"नाही."

"अहो, बांबूपर्यंत. इथून दिसतोय तो."

"दिसतोय म्हणून काय झालं?"

चहावाला मध्ये पडला. "अण्णा, मी सकाळी किटलीला फूल वाहिलं आणि त्याच किटलीत चहा केला. पोट आहे ना माणसाला. स्वल्प समजून घ्या." स्वल्प म्हणजे थोडं, हा कन्नड शब्द त्याने आम्ही बंगळूरचे म्हणून मुद्दाम घातला होता. त्याचा एक भाऊ तिकडे होता, हे तो आम्ही आल्या आल्या सांगून बसला होता.

नवरा म्हणाला, "तुझी किटली, माझी सायकल."

साहेबाने काहीतरी विचारलं. चहावाल्याने डोळे मिटून घेतले. "साहेब म्हणतात, याला सायकल चालवता तरी येते का?"

तिथे उभी असलेली चार माणसं हसली. नवऱ्याचा कान लाल झाला. मला वाटलं, आता तरी रागाने बसेल. तर तो रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसला. स्वतःचा अंगठा तो दुसऱ्या हाताने धरून होता. तेव्हा मला कळलं की याला नुसता हट्ट नाही, खरंच भीती आहे. पण भीती कळली म्हणून करायचं काय? ऊन कलायला लागलं होतं. चहावाला सांगत होता की पुढच्या वस्तीवरून गावाकडे जाणारा ट्रक एकच आहे आणि तो रबर भरून झालं की सुटतो.

मी त्याच्याजवळ गेले. "सायकल इथे टाकून पुढे गेलो तर शेठ ठेवून घेईल?"

"बघू."

"त्याने सायकलवाला मागवलाय. मद्रासचा माणूस बसलाय तिथे."

त्याने सायकलीकडे बघितलं. मग म्हणाला, "नाहीतर परत जाऊ मामाकडे. पुढचं पुढे बघू."

परत. परत त्या बोळकांडीत, पडद्याआड, कोणाचा तरी पाय डोक्याशेजारी. वर मामीचं तोंड.

मी लहान ट्रंक उघडली. वरच कात्री होती, पण तीही दोऱ्याने बांधलेली. ट्रंक आपटून लावली, सायकलीपाशी खाली बसले आणि पायडलचा दोरा दाताने तोडला. हळदीची चव संध्याकाळपर्यंत तोंडात होती.

"अगं, काय करतेस! अगं!"

"तुमचं आयुध आहे ना? माझं नाही. माझं आयुध काय, चुलीची फुंकणी. तिची पूजा कोणी केली नाही आज."

नऊवारी नेसत होते म्हणून जमलं. कासोटा घट्ट केला, पदर खोचला, सायकल कडेच्या दगडाला लावून दांड्यावरून पाय टाकला. सीट उंच होती आणि मी लग्नानंतर एकदाही सायकलवर बसले नव्हते. पहिल्या झटक्याला सायकल सरळ साहेबाच्या खुर्चीवर गेली. त्याने पाय वर उचलून घेतले. मग हँडल हाताला ओळखू आलं. बांबूपर्यंत गेले, वळले, परत आले, ब्रेक लावून साहेबापुढे उतरले. टपरीवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यांना चपलेने मारावंसं वाटलं. सकाळपासून आम्ही ओझी वाहत आलो तेव्हा कोणी हात पुढे केला नव्हता.

साहेब चहावाल्याशी बोलला.

"म्हणतात, सवारी बाईची. बाई बसून जाईल, बाप्या चालत जाईल. बांबू उचला."

बांबू उचलला. नवरा जंगलाकडे तोंड करून उभा होता. त्याने मला बघितलं नाही, की बघायचं टाळलं, मला आजही सांगता येणार नाही.

पुढे गेल्यावर म्हटलं, "आता दोरा तुटलाच आहे. ट्रंक तरी ठेवा मागे."

"एक पाप पुरे."

"मग मी ट्रकवाल्याला थांबवते. तुम्ही या मागून."

वस्तीवर पोचले तेव्हा ट्रक सुरू झालेला होता. मागे रबराच्या शीटांचा ढीग, त्यावर बदकांच्या टोपल्या घेऊन दोन बायका. मला सयामीचा एक शब्द येत नव्हता. मी सायकल ट्रकच्या पुढे आडवी पाडली आणि तिच्या शेजारी उभी राहिले. ड्रायव्हर उतरला, ओरडला, हातवारे केले. मी मागच्या रस्त्याकडे बोट दाखवत राहिले. त्याने हॉर्न वाजवला. मीही सायकलची घंटी वाजवली. बदकवाल्या बायका इतक्या हसल्या की त्यातली एक टोपलीवर कलंडली. शेवटी ड्रायव्हर विडी पेटवून चाकाशी बसला.

नवरा आला. घामाने निथळत होता, हातात लहान ट्रंक, डोक्यावरच्या मोठ्या ट्रंकेने आणि वळकटीने कपाळाला खाच पडली होती. ट्रंक खाली ठेवली, ट्रकसमोर आडवी पडलेली सायकल बघितली आणि म्हणाला, "एवढी कसली घाई होती?"

मी सायकल उचलून ड्रायव्हरच्या हातात दिली. तोंड उघडलं असतं तर तो दसरा त्याच्या तेराव्याच्या जेवणाने साजरा झाला असता.

रात्री दुकानामागच्या खोलीत पथारी टाकली. खोलीला दार होतं, दाराला कडी होती. मी कडी दोनदा लावून बघितली. नवरा सायकल आत घेऊन आला नाही, बाहेर पडवीत ठेवली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दसऱ्याच्या सकाळी दुकानात झेंडूचे हार, गणपतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती. बाकावर मद्रासचा शिंपी बसला होता, भस्म लावून, आणि दारात त्याची सायकल. शेठने आमच्या हातावर पेढे ठेवले आणि नमुन्यांची पेटी पुढे केली. "चांगला मुहूर्त आहे. पहिल्या मळ्यात कळवून ठेवलंय. निघा."

नवरा हललाच नाही. म्हणाला, "या सायकलवर नाही जाता येणार."

"का? मोडली?"

"काल नवमीला दोरा तुटला. आधी शांत करायला हवी. पुरोहित लागेल."

शेठ हिंदीत बोलायचा. तो म्हणाला, "भाऊ, इथे केस कापायला न्हावी मिळत नाही, पुरोहित कुठून आणू?"

"तोवर मी चालत जाईन."

"मळा काय शेजारच्या गल्लीत आहे?"

शेठने बाकाकडे बघितलं. मद्रासच्या माणसाने गुडघ्यावरचं धोतर झटकलं आणि उभा राहायच्या तयारीला लागला. मला ती खोली जाताना दिसली, कडीसकट.

मी म्हटलं, "शेठजी, काल हद्दीवरून मी आणली सायकल. बसून आणली. विचारा यांना."

नवरा खोटं बोलत नसे. त्याचा तो गुणही माझ्या कामाला त्या एकाच दिवशी आला. "हिने आणली," तो म्हणाला.

शेठने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "शिंप्याच्या घरातली आहेस. टेप धरता येतो?"

"काजं, बटणं, तुरपाई सगळं करते. टेपही धरते."

"लिहायला?"

"चौथी शिकले. आकडे लिहिते."

तो थोडा वेळ पेढा चघळत राहिला. मळ्यात रबराचा चीक काढणाऱ्या निम्म्या बायका होत्या आणि त्या पुरुष शिंप्याला माप घेऊ देत नसत. जुनी चोळी पाठवायच्या, तिच्यावरून शिवलेलं अंगाला बसायचं नाही, मग परत यायचं, भांडणं व्हायची. हे मला नंतर कळलं. तेव्हा शेठ एवढंच म्हणाला, "ठीक आहे. हा इथे बेतेल, तू मळ्यात जा." मद्रासच्या माणसाला त्याने चहा दिला, पेढा दिला आणि वाटेला लावलं. बिचाऱ्याने जाताना आमच्या सायकलीकडे असं बघितलं, जसं काही सगळं तिनेच केलं.

आता परत बंगळूरला, जे. पी. नगरात, शेजारच्या मुली हे ऐकून म्हणतात, अज्जी, तुम्ही त्या काळात केवढं केलंत. काय केलं? मला दार असलेली खोली हवी होती. ती मिळाली. मळ्यांच्या फेऱ्या मी कोणाकडे मागितल्या नव्हत्या. सकाळचा स्वयंपाक करून जायचं आणि येऊन रात्रीचा करायचा, त्यातलं काही कमी झालं नाही.

त्याच दिवशी पहिला मळा. पेटी कॅरियरला बांधली, टेप गळ्यात. गावाबाहेर पडले तसा रस्ता संपला आणि तांबडा चिखल सुरू झाला. रबराच्या झाडांत सगळीकडून सारखंच दिसतं, दोनदा चुकले. कुत्री मागे लागली. पायाला जळवा चिकटल्या, त्या मळ्यातल्या एका तमिळ म्हातारीने मीठ लावून काढल्या आणि मग हसत माझ्या नऊवारीचा कासोटा सोडून बघितलं की आत पँट आहे का. बायका माप द्यायला रांगेत उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीला घट्ट हवं, पण घट्ट होता कामा नये. येताना मागचं चाक बसलं. पंप होता, पण ट्यूबच फाटली होती, त्यात हवा भरून काय होणार? पेटीसकट सायकल ढकलत आणली. आदल्या दिवशीसारखीच, फक्त आता ती भरलेली होती आणि मी एकटी.

दुकानात पोचले तेव्हा दिवे लागले होते. नवरा छताच्या पंख्याखाली बेतायच्या टेबलाशी उभा होता, अंगातला सदरा कोरडा ठणठणीत, खडूने रेघा मारत. त्याने मान वर केली, माझे चिखलाचे पाय बघितले, चपटं चाक बघितलं.

"मापं नीट घेतलीस ना?" त्याने विचारलं. "आर्महोल बायका नेहमी चुकवतात."

मी टेप गळ्यातून काढून त्याच्या टेबलावर फेकला आणि मागे पाय धुवायला गेले. पाणी भरून ठेवलेलं नव्हतं.